एका पानातले मायक्रॉनराव

मायक्रॉनरावांचा पहिला बायोडेटा अडीच ओळींचा झाला. 'मी एकवीस वर्षे कारखान्यात तयार माल तपासला. चुकीचा माल बाहेर जाऊ दिला नाही. बरोबर माल अडवला नाही.' तिसऱ्या वाक्यापाशी ते बराच वेळ अडले होते, कारण नोकरीच्या सातव्या वर्षी एका शाफ्टच्या बाबतीत त्यांच्या मनात थोडी शंका राहून गेली होती. शेवटी त्यांनी 'बरोबर माल सहसा अडवला नाही' अशी दुरुस्ती केली, खाली सही ठोकली, तारीख घातली आणि एक काम हातावेगळं झालं म्हणून चहा मागितला.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तेवढ्यासाठीही ते माल परत पाठवायचे, म्हणून कारखान्यातल्या लोकांनी हे नाव पाडलं होतं. नाव त्यांच्यामागे घरापर्यंत आलं. कारखाना बंद पडून पाच महिने झाले तरी ते गेलं नाही. नोकरीतलं म्हणून त्यांच्याकडे एवढंच उरलं होतं.

तो कागद मेव्हण्याच्या हाती लागला आणि प्रकरण वाढलं. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांत सात नोकऱ्या बदलल्यामुळे या विषयात त्याच्या शब्दाला घरात वजन होतं. एकाच ठिकाणी एकवीस वर्षं काढणाऱ्याला बायोडेटातलं काय कळणार, असं तो म्हणाला नाही, पण कागद त्याने दोन बोटांच्या चिमटीत धरला त्यावरून ते समजलं.

"भाऊजी, हा काय कबुलीजबाब आहे का?"

"चुकलंय काय त्यात?"

"चुकलेलं काही नाही. पण हे वाचून कुणी चहासुद्धा विचारणार नाही. आणि बायोडेटा म्हणू नका, सीव्ही म्हणा. बायोडेटा म्हटलं की वय कळतं."

वय सत्तेचाळीस होतं आणि ते कुणाला कळू नये असं मायक्रॉनरावांना तोवर कधी वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून वाटायला लागलं.

मेव्हण्याने खुर्ची पुढे ओढली. कारखान्यातल्या आणि इंजिनिअरिंगच्या नोकऱ्यांचा सीव्ही एका पानाचा हवा, कारण वाचणारा एका कागदाला सहा सेकंद देतो. सहा सेकंदांत कागद सरळसुद्धा धरून होत नाही, असं मायक्रॉनराव म्हणाले. म्हणूनच, असं मेव्हणा म्हणाला. मग त्याने 'तपासला' या शब्दावर बोट ठेवलं.

"हे मेलेलं क्रियापद आहे. 'नेतृत्व केले' असं लिहा."

"कुणाचं?"

"तपासणीचं."

"पहिली पंधरा वर्षं तपासणीत मी एकटाच होतो."

"मग स्वतःचं. आता आकडे सांगा. आजकाल आकड्याशिवाय कुणी विचारत नाही. तुम्ही लागलात तेव्हा शंभरात किती नग बाद व्हायचे?"

"दोन."

"आणि तुम्ही निघालात तेव्हा?"

"नऊ."

मेव्हण्याने पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुमच्या काळात खराब माल वाढला?"

"वाढला कुठे? होता तेवढाच होता. आधी तो गिऱ्हाइकाकडे जायचा, मी आल्यावर आमच्याकडे राहायला लागला."

मायक्रॉनरावांच्या दृष्टीने यात त्यांच्या आयुष्याचं सार आलं होतं. मेव्हण्याच्या दृष्टीने हे शेजाऱ्यांनाही कळू नये असं होतं. बरीच हुज्जत झाल्यावर एक गोष्ट अशी निघाली की जी खरीही होती आणि कागदावर बरीही दिसली असती. गिऱ्हाइकांच्या तक्रारी वर्षाला एकेचाळीस येत असत, त्या तीनवर आल्या होत्या. मेव्हण्याचा चेहरा उजळला. तो लिहिणार, तेवढ्यात मायक्रॉनरावांनी कागदावर हात ठेवला.

"तीन की चार, ते एकदा नोंदवहीत बघून सांगतो."

"भाऊजी, कारखाना बंद पडलाय. कोण बघायला जाणार आहे?"

"मी," मायक्रॉनराव म्हणाले.

बंद पडलेल्या कारखान्याचं आता एका टायरच्या दुकानावर एका खोलीत ऑफिस होतं. तिथे अकरा कपाटं, एकावर एक रचलेल्या सत्तर-ऐंशी खुर्च्या आणि एक कारकून एवढी मालमत्ता होती. इतक्या खुर्च्या असूनही आलेल्या माणसाला बसायला जागा नव्हती, कारण खालची खुर्ची ओढली तर सगळ्याच अंगावर येतील अशी कारकुनाला भीती होती. मायक्रॉनराव उभे राहिले. तक्रारींची नोंदवही रद्दीत गेल्याचं कारकुनाने शांतपणे सांगितलं. अनुभवाचा दाखला मात्र मिळेल, म्हणाला. लगेच मिळेल. नोकरी गेल्यापासून कानावर पडलेली ही पहिली बरी बातमी होती, आणि ती चाळीस मिनिटं टिकली.

दाखल्यात लिहिलं होतं की सदर गृहस्थ एकवीस वर्षे प्रशिक्षणार्थी या पदावर होते व त्यांचे प्रशिक्षण समाधानकारकरीत्या चालू होते.

मायक्रॉनरावांनी तो दोनदा वाचला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, याचा त्यांना जास्त राग आला.

"मी मुख्य निरीक्षक होतो."

कारकुनाने मोठं रजिस्टर उघडून दाखवलं. एकवीस वर्षांपूर्वीच्या नोंदीत 'प्रशिक्षणार्थी' होतं, आणि पुढचे सगळे रकाने स्वच्छ कोरे होते. बढतीची पत्रं निघाली, पगार वाढला, टेबल मिळालं, पण इथे उतरवून घ्यायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

"दुरुस्ती करता येते," कारकून म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. "अर्ज करा आणि त्यावर विभागप्रमुखांची सही आणा."

"शेवटची सहा वर्षं विभागप्रमुख मीच होतो."

"असाल. पण नोंदीप्रमाणे तुम्ही प्रशिक्षणार्थी. प्रशिक्षणार्थीची सही चालत नाही."

"मी विभागप्रमुख होतो हे सिद्ध करायला मला विभागप्रमुखाची सही लागणार, आणि विभागप्रमुख मीच."

"तुम्हाला बरोबर समजलंय," कारकून कौतुकाने म्हणाला. "बऱ्याच जणांना हे समजवायला मला दोन-दोन दिवस लागतात."

दाखला घेऊन ते घरी आले आणि तो त्यांनी टेबलावर पालथा ठेवला. बायकोने तो उलटा केला, वाचला आणि पुन्हा पालथा ठेवला. तिचीही पंचाईतच होती. पाच महिन्यांत तपासायला दुसरं काही नसल्यामुळे मायक्रॉनराव घर तपासत होते. खिडकीची चौकट डावीकडे चार मिलिमीटर खाली आहे, चादरीच्या घड्या एकमेकींशी जुळत नाहीत, सहा पेल्यांच्या संचातले दोन पेले वेगळ्या बॅचचे आहेत, हे सगळं तिला आता माहीत झालं होतं. त्याआधी बावीस वर्षं ती या घरात सुखाने राहिली होती.

अशा वेळी समोरच्या दारातले निवृत्त मुख्याध्यापक मदतीला आले. बोलावलं कुणी नव्हतं. सीव्हीचं काम चालू आहे हे जिन्यात कळलं, तेव्हा स्वतःचं लाल पेन घेऊनच आले. मेव्हण्याचं एक पान आणि मायक्रॉनरावांच्या अडीच ओळी त्यांनी शेजारीशेजारी ठेवून वाचल्या आणि दोन्हींना दहापैकी चार गुण दिले.

"माणूस दिसत नाही यात," ते म्हणाले. "वाचणाऱ्यासमोर माणूस उभा राहिला पाहिजे. तुमचं जीवनध्येय काय?"

मायक्रॉनरावांनी मनापासून विचार केला. "नोकरी लागावी," ते म्हणाले.

मुख्याध्यापकांनी यावर साडेसात ओळींचं एकच वाक्य लिहिलं. त्यात राष्ट्राची उभारणी होती, यंत्र आणि मानव यांचा समन्वय होता, 'अविरत' हा शब्द तीनदा होता, आणि क्रियापद येईपर्यंत कर्ता कोण होता हे विसरायला होत होतं. खाली त्यांनी छंद लिहायला सांगितले. छंद काही नाही म्हटल्यावर ते दुखावल्यासारखे झाले, म्हणून मायक्रॉनरावांनी 'चालणे' सांगितलं. मुख्याध्यापकांनी 'निसर्गभ्रमण' लिहिलं. जाताना ते दारात थांबून म्हणाले, "एकवीस वर्षं शिकत राहिलात, हे मला फार आवडलं." दाखला त्यांनीही उलटून बघितला होता.

मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने या सगळ्याचं टाइप करून एक पान केलं, म्हणजे साडेसात ओळींचं वाक्य गुपचूप काढून टाकलं. मग तिने वडिलांना शेजारी बसवून समजावलं की हल्ली आधी माणूस वाचतच नाही, कॉम्प्युटर वाचतो, आणि जाहिरातीतले शब्द त्याला सीव्हीत जसेच्या तसे दिसले तरच तो कागद पुढे सरकवतो. जाहिरातीत 'गतिमान व्यक्तिमत्त्व' असेल तर आपल्यालाही तेच लिहायला हवं.

"मी गतिमान नाही," मायक्रॉनराव म्हणाले. "घाईत माल बघणाऱ्याला आमच्याकडे बाजूला काढायचे."

"बाबा, नुसतं लिहायचं असतं."

नुसतं लिहायचं असतं, हे त्यांना जमत नव्हतं. पण मुलगी दिवसभराचं कॉलेज करून संध्याकाळी त्यांच्यासाठी बसत होती, म्हणून त्यांनी मान हलवली आणि अर्ज जायला लागले. एका कंपनीच्या वेबसाइटने सीव्ही गिळून त्याचे भलतेच तुकडे केले. 'सध्याचे पद' या रकान्यात 'चालणे' आलं, 'मातृभाषा' या रकान्यात 'व्हर्निअर कॅलिपर'. मुलीने ते निस्तरलं. दुसऱ्या एका कंपनीने नोकरीत खंड का पडला असं विचारून निवडीसाठी चार कारणं दिली होती. उच्च शिक्षण, प्रसूती, परदेशवास आणि कारावास. मायक्रॉनरावांनी चारही प्रामाणिकपणे तपासून पाहिली. कारखाना बंद पडला हे कारण कुठेच नव्हतं. शेवटी मुलीने 'उच्च शिक्षण' निवडलं. प्रशिक्षण चालूच होतं म्हणे.

तीन आठवड्यांत त्रेचाळीस अर्ज गेले. पहिला नकार चार मिनिटांत आला. 'आपल्या अर्जाचा आम्ही अत्यंत बारकाईने विचार केला.' चार मिनिटांत बारकाईने विचार होऊ शकतो का, यावर मायक्रॉनराव दुपारभर विचार करत होते, तेवढ्यात दुसरा नकार अकरा सेकंदांत आला. त्यातही बारकाईनेच विचार झाला होता. त्यानंतर नकारही येईनासे झाले, आणि मग त्यांना पहिल्या दोघांबद्दल आपुलकी वाटायला लागली. निदान त्यांनी कळवलं तरी होतं.

ते सकाळी दाढी करेनात. बायको बोलायची ते ऐकायचे, पण उत्तर द्यायला त्यांना वेळ लागायचा. खिडकीच्या चौकटीबद्दल ते बोलायचे थांबले, तेव्हा मात्र बायको घाबरली. तिने भावाला फोन केला.

पाच दिवसांनी एका कंपनीचं मुलाखतीचं बोलावणं आलं. पंपांना लागणारे बुश, म्हणजे मधे भोक असलेल्या धातूच्या नळ्या, बनवणारी कंपनी होती. गुणवत्ता विभागात जागा होती. घरात त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी रेडिओ लागला. पत्राखाली मायक्रॉनरावांचा सीव्ही जोडलेला होता. तो त्यांनी, सवयीने, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. तो त्यांचा नव्हता. म्हणजे नाव त्यांचं होतं, पत्ता त्यांचा होता, फोटोतला माणूसही तेच होते, पण ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'बाद मालाचे प्रमाण नऊ टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आणले.'

त्यांनी मेव्हण्याला फोन लावला.

"आकडे तुमचेच आहेत, भाऊजी," मेव्हणा म्हणाला. "मी फक्त क्रम बदलला."

मायक्रॉनरावांनी फोन ठेवला आणि जाणार नाही म्हणून जाहीर केलं. खोट्या कागदावर आपण कुणाच्या दारात उभे राहणार नाही. बायको तेव्हा कपडे वाळत घालत होती. तिने हातातला टॉवेल झटकला, दोरीवर टाकला आणि मग बोलली.

"जा. तिथे जाऊन खरा क्रम सांगा. हाकलून दिलं तर या परत. पण निदान कुणीतरी माणूस तुम्हाला हाकलू दे. ते मशीन नको."

त्यांनी दाढी केली.

कंपनीच्या फाटकावर रखवालदाराने नाव लिहून घेतलं आणि गेटपास दिला. ज्यांना भेटाल त्यांची यावर सही आणा, सहीशिवाय बाहेर सोडत नाही, असं त्याने बजावलं. आत मुलाखतीला दोघं होते. एचआरच्या एक तरुण बाई, आणि कारखान्याचे प्रमुख. ते वयाने मायक्रॉनरावांपेक्षा दहा वर्षांनी लहान आणि झोपेने दहा वर्षं मागे होते. बाईंनी ठळक ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढलेली होती.

"नऊवरून दोन. हे कसं साधलंत, तेवढं सांगा."

"क्रम उलटा आहे," मायक्रॉनराव म्हणाले. "दोनाचे नऊ झाले. छापताना चूक झाली." चूक कुणाची हे ते बोलले नाहीत. कसाही असला तरी तो बायकोचा भाऊ होता.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. प्रमुखांनी पहिल्यांदाच मान वर केली. मग मायक्रॉनरावांनी आधी माल कुठे जायचा आणि नंतर कुठे राहायला लागला ते सांगितलं. सहा महिन्यांत ते इतकं सलग बोलले नव्हते. प्रमुख गालातल्या गालात हसले, असं त्यांना वाटलं.

"ठीक आहे. कागद राहू द्या, हात बघू," प्रमुख म्हणाले आणि त्यांनी एक ट्रे मागवला. त्यात दहा बुश होते आणि एक गेज. गेज म्हणजे भोकाचं माप बघायची दोन तोंडांची दांडी. एक तोंड भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. "यातले वाईट तेवढे बाजूला काढा. वीस मिनिटं घ्या."

दहांत तीन वाईट ठेवलेले होते, हे पुढे कळलं. मायक्रॉनरावांनी बुशांना हातच लावला नाही. त्यांनी गेज उचललं, उजेडात धरलं आणि त्याच्यावरची चिठ्ठी वाचली. गेज स्वतः शेवटचं कधी तपासलं आणि पुन्हा कधी तपासायचं, ते त्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. पुन्हा तपासायची तारीख अकरा महिन्यांपूर्वी उलटून गेली होती.

"मला मायक्रोमीटर मिळेल का?" त्यांनी विचारलं.

मिळाला. त्यांनी गेजचं भोकात जायचं तोंड तीन ठिकाणी मोजलं. ते घासून बारीक झालं होतं. बारा मायक्रॉनने. म्हणजे जे भोक लहान आहे त्यातही ते आरामात शिरणार, आणि वाईट बुश चांगला ठरणार. मग त्यांनी भोकं मोजायचं दुसरं साधन मागून घेतलं आणि दहाही बुश मोजले. वीस मिनिटं कधी झाली ते कुणालाच कळलं नाही.

"सात वाईट आहेत," ते म्हणाले. "आणि हे गेज. आठ."

"हे बुश आजच्या लॉटमधले आहेत," प्रमुख सावकाश म्हणाले.

"लॉट कुठे आहे?"

लॉट ट्रकमध्ये होता. ट्रक चालू होता. प्रमुख उठले ते खुर्ची मागे पडली तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. पुढच्या दहा मिनिटांत चार फोन वाजले, दोन माणसं धावत गेली, आणि कुणीतरी एक छापील फॉर्म आणून मायक्रॉनरावांसमोर ठेवला, कारण माल अडवायचा तर ज्याने दोष काढला त्याची सही लागते आणि सहीशिवाय ट्रकवाला माल उतरवू देईना. त्यांनी फॉर्म सुवाच्य अक्षरात भरला. मापं लिहिली, वेळ लिहिली. 'पदनाम' या रकान्यापाशी ते थांबले. 'मुख्य निरीक्षक' लिहावंसं वाटलं. पण ते खरं नव्हतं. 'प्रशिक्षणार्थी' त्यांना लिहायचं नव्हतं. शेवटी त्यांनी 'उमेदवार' लिहिलं आणि सही केली. सहा महिन्यांतली ती त्यांची पहिली सही होती, अर्ज सोडून.

मग खोलीत कुणीच उरलं नाही. बाहेर बोळात प्रमुखांचा आवाज येत होता. "अरे, पण बुश मोजायचे सोडून गेज मोजायला त्यांना सांगितलं कुणी?" मायक्रॉनराव पाऊण तास बसून राहिले. ट्रे त्यांनी नीट लावून ठेवला. शेवटी उठून फाटकाशी आले, तर गेटपासवर सही नव्हती. रखवालदाराने त्यांना केबिनमधल्या बाकावर बसायला सांगितलं.

तासाभराने एचआरच्या बाई आल्या. त्यांना धाप लागली होती. त्यांनी उभ्याउभ्याच पासवर सही केली.

"साहेब म्हणाले, त्यांना मनापासून धन्यवाद सांगा," त्या म्हणाल्या. मग जरा खालच्या आवाजात, "मागचे चार लॉट गिऱ्हाइकाकडे गेलेत. ते सगळे आता परत आणावे लागणार. वर फार तापलेत. ही जागा भरायची की नाही तेच आता वरून ठरेल. मला नाही वाटत की... तुम्हाला कळवू."

"चारी लॉट त्याच गेजवर तपासलेत का?" मायक्रॉनरावांनी विचारलं.

"हो."

"मग चारी आणा."

बाई मान हलवून आत पळाल्या. रखवालदाराने वही उघडली, घड्याळ बघून वेळ लिहिली आणि सहीसाठी वही पुढे सरकवली. आतून ट्रक रिकामा करत असल्याचे आवाज येत होते.

"आज आत भलताच गोंधळ आहे," तो म्हणाला. "कुणीतरी भरलेला ट्रक अडवला म्हणतात. एवढ्याशा फरकावरून. डोळ्याला दिसतसुद्धा नाही म्हणे. कोण होता काय माहीत."

मायक्रॉनराव सही करत होते.

"त्याची नोकरी काही राहत नाही बघा," रखवालदार म्हणाला.

"नाही राहिली," मायक्रॉनराव म्हणाले, आणि त्यांनी पेन टोपण लावून परत दिलं.